इंग्लंडमध्ये गेमिंग सेंटर काढताना: काउन्सिलकडून जागेचा परवाना कसा मिळवायचा

इंग्लंडमधल्या एखाद्या हाय स्ट्रीटवर, म्हणजे गावाच्या मुख्य बाजाररस्त्यावर, गेमिंग सेंटर (जुगाराच्या मशिनांचं दुकान) किंवा बेटिंग शॉप (पैजा घेणारं दुकान) काढायचं तर दोन परवाने लागतात. नवखा माणूस त्यांची हमखास गल्लत करतो. पहिला परवाना धंदा करणाऱ्याचा, म्हणजे ऑपरेटिंग लायसन्स. तो गॅम्बलिंग कमिशन देतं. तुम्ही कोण, भांडवल कुठून आलं, हा धंदा सांभाळायला तुम्ही योग्य आहात का, हे कमिशन तपासतं. दुसरा परवाना जागेचा, प्रिमायसेस लायसन्स. तो त्या भागाची काउन्सिल, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था, देते आणि तिथे प्रश्न असतो ती इमारत, तो रस्ता आणि आजूबाजूच्या वस्तीचा. दोन्ही परवाने २००५ च्या गॅम्बलिंग ॲक्टखाली येतात. हा कायदा १ सप्टेंबर २००७ पासून पूर्णपणे लागू झाला.

महाराष्ट्रातून आलेल्याला ही रचना अनोळखी वाटते. आपल्याकडे जुगाराचा मूळ कायदा १८८७ चा आणि तो प्रतिबंधाचा. कॅसिनोंसाठी १९७६ साली केलेला कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्यात कॅसिनोचा परवाना राज्य सरकारच्या हातात आहे. इंग्लंडमध्ये मात्र गॅम्बलिंग ॲक्टचं कलम १५३ काउन्सिलला उलट्या बाजूने बांधून ठेवतं. कमिशनच्या आचारसंहिता, कमिशनचं मार्गदर्शन, परवान्याची तीन उद्दिष्टं आणि काउन्सिलचं स्वतःचं धोरण, या चारांशी अर्ज सुसंगत असेल तर परवानगी देण्याकडेच काउन्सिलचा कल असायला हवा, असं ते कलम म्हणतं. ‘या रस्त्यावर आधीच तीन दुकानं आहेत, चौथ्याची गरज काय’ हे कारण काउन्सिलला वापरता येत नाही. ‘जुगार वाईट’ हेही कारण चालत नाही. म्हणून अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा तारखा, नकाशा आणि धोका-मूल्यांकन या तीन ठिकाणी.

पुढे मुख्यतः ॲडल्ट गेमिंग सेंटर, म्हणजे फक्त अठरा वर्षांवरच्यांसाठीचं गेमिंग सेंटर, डोळ्यांसमोर ठेवलं आहे, कारण रिकाम्या दुकानांच्या जागी आज तीच जास्त येतात. बेटिंग शॉपचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे. स्कॉटलंडमध्ये हे काम लायसन्सिंग बोर्डाकडे असतं, शुल्क आणि नोटिशीचे नियमही वेगळे. उत्तर आयर्लंडला तर हा कायदाच लागू नाही.

आधी बघा, हा परवाना लागतो का

पब किंवा बारची दारूविक्रीची परवानाधारक जागा असेल आणि जुगाराची फक्त दोन मशिनं ठेवायची असतील, तर जागेचा जुगार परवाना लागत नाही. क किंवा ड वर्गाच्या दोन मशिनांसाठी काउन्सिलला लेखी कळवायचं आणि ५० पौंड भरायचे, एवढंच. मशिनांचे हे वर्ग पणाच्या आणि बक्षिसाच्या मर्यादेवरून पाडलेले आहेत; इंग्रजीत ते सी आणि डी म्हणून ओळखले जातात, पुढे तसंच लिहितो. लहान मुलांच्या करमणूक केंद्रात फक्त डी वर्गाची मशिनं असतील तर त्यासाठी वेगळं परमिट आहे. चिप शॉप, टेकअवे, टॅक्सीचं ऑफिस इथे मात्र कुठल्याच मार्गाने मशिन ठेवता येत नाही. जुन्या कायद्याखाली चालायचं, म्हणून ‘कोपऱ्यात एक मशिन लावून देतो’ म्हणणारे अजून भेटतात. त्यांच्या नादी लागू नका.

चालू दुकान विकत घेत असाल तर नवा अर्ज न करता परवाना तुमच्या नावावर करून घेण्याचा, म्हणजे ट्रान्सफरचा अर्ज करा. त्याला वर्तमानपत्रातली जाहिरात लागत नाही, दारावर नोटीसही लागत नाही, फक्त ठरलेल्या अधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आधीच्या परवानाधारकाची लेखी संमती जोडली आणि तशी विनंती केली, तर अर्जाचा निकाल लागेपर्यंतही परवाना तुमच्या नावाने चालतो. शुल्कही कमी. संमतीपत्र मात्र सौद्याच्या दिवशीच सही करून घ्या. पैसे हातात पडल्यावर विकणारा फोन उचलेलच असं नाही.

अर्ज करायला कोण पात्र

अर्जदाराकडे त्या प्रकारच्या जुगाराचं ऑपरेटिंग लायसन्स हवं किंवा निदान त्यासाठी अर्ज केलेला हवा. अर्ज केला असेल तर काउन्सिल तुमचा अर्ज घेईल, पण कमिशनचा परवाना हातात येईपर्यंत निर्णय देणार नाही. कमिशन साधारण १६ आठवडे धरून चालतं, आणि कागद अपुरे असले तर त्याहून जास्त. तेव्हा कमिशनचा अर्ज आधी, काउन्सिलचा मागून. लहान कंपनीत महत्त्वाच्या पदांवर तीन किंवा त्याहून कमी माणसं असतील तर त्यांना वैयक्तिक व्यवस्थापन परवान्यातून (तो एरवी अशा पदावरच्या माणसाला कमिशनकडून वेगळा घ्यावा लागतो) सूट मिळते. त्या सवलतीचा विचार त्याच वेळी करा.

दुसरी अट: जागा वापरण्याचा हक्क. सही झालेली लीज असेल तर प्रश्न नाही. ‘परवाना मिळाला तर लीज करू’ असा करार हा आजचा हक्क नव्हे, आणि इथे बरेच अर्ज घसरतात. जागामालक परवान्याआधी लीज द्यायला तयार नसेल, किंवा इमारत अजून बांधायची असेल, तर ‘प्रोव्हिजनल स्टेटमेंट’, म्हणजे जागेबद्दलचा काउन्सिलचा आगाऊ निर्णय, मागा. त्याला ऑपरेटिंग लायसन्सही लागत नाही आणि जागेचा हक्कही लागत नाही. ते मिळालं की पुढे खऱ्या परवान्याच्या वेळी लोकांना जुनेच मुद्दे उकरून काढता येत नाहीत. परिस्थिती बदलली किंवा बांधकाम नकाशाबरहुकूम झालं नाही, तरच नवे मुद्दे ऐकले जातात. लीजमधलं वापराचं कलमही वाचा. त्यात फक्त ‘किरकोळ विक्री’ लिहिलं असेल तर काउन्सिलने परवाना दिला तरी जागामालक तुम्हाला थांबवू शकतो.

प्लॅनिंगची, म्हणजे जागेच्या बांधकामाची आणि वापराची, परवानगी हा पूर्णपणे वेगळा विषय आहे. ती मिळेल की नाही याचा विचार परवाना देताना करू नये, असं कायदा काउन्सिलला स्पष्ट सांगतो. पण म्हणून ती लागत नाही असं नव्हे. अम्युझमेंट सेंटर (प्लॅनिंगच्या भाषेत गेमिंग सेंटर) कुठल्याच सर्वसाधारण वापरवर्गात बसत नाही, आणि २०१५ पासून इंग्लंडमध्ये बेटिंग शॉपही बसत नाही. साध्या दुकानाचं रूपांतर करायचं तर पूर्ण प्लॅनिंग अर्ज करावा लागतो. दोन्हीकडे दुकान उघडं ठेवण्याच्या वेगवेगळ्या वेळा मिळाल्या तर जी अट कडक, ती पाळायची.

नकाशा

नकाशावर जागेची हद्द, आतल्या-बाहेरच्या भिंती आणि आत येण्याची, बाहेर पडण्याची प्रत्येक वाट दाखवावी लागते. प्रत्येक दारापाशी ते कुठे उघडतं हेही लिहायचं: ‘हाय स्ट्रीटच्या पदपथावर’, ‘मागच्या सर्व्हिस यार्डात’. नुसता बाण काढून भागत नाही. मशिनं ज्या भागात असतील तो भाग रंगवून किंवा जाड रेषेने दाखवा. बऱ्याच काउन्सिल १:१०० प्रमाण मागतात. दुकान सजवणाऱ्याने दिलेलं रंगीत त्रिमितीय चित्र नकाशा म्हणून चालत नाही.

नकाशा परवान्याचा भाग होतो आणि जागेची मांडणी त्याप्रमाणेच ठेवणं ही सक्तीची अट आहे. म्हणून प्रत्येक मशिनची जागा नकाशावर ठोकून टाकू नका. नाहीतर पुढे दोन मशिनं हलवली की मांडणी नकाशाशी जुळत नाही आणि परवान्यात बदलाच्या अर्जाचा खर्च अंगावर येतो. मशिनांचा भाग दाखवा, एकेक मशिन दाखवलंच तर शेजारी ‘निर्देशक मांडणी’ (म्हणजे फक्त अंदाज देणारी) असं लिहा.

दारांबद्दल आणखी एक. ॲडल्ट गेमिंग सेंटरमध्ये जुगाराचा परवाना किंवा मशिनचं परमिट असलेल्या दुसऱ्या जागेतून थेट शिरता येता कामा नये. बेटिंग शॉपमध्ये रस्त्यावरूनच शिरता यायला हवं, किंवा दुसऱ्या बेटिंग शॉपमधून. किराणा दुकानाच्या मागच्या बाजूला बेटिंग शॉप ही कल्पना इथेच संपते. एका मोठ्या गाळ्याचे दोन करून दोन परवाने मागण्याकडेही अधिकारी संशयाने पाहतात. भिंत छतापर्यंत पक्की आहे का, दारं आणि कर्मचारी वेगळे आहेत का, ग्राहकाला आपण वेगळ्या जागेत आलो हे कळतं का, असे प्रश्न येतात. याचं कारण मशिनांच्या संख्येत आहे. गेमिंग सेंटरमध्ये बी वर्गाची मशिनं एकूण मशिनांच्या २० टक्क्यांपर्यंत ठेवता येतात, सी आणि डी कितीही. बेटिंग शॉपमध्ये सगळी मिळून चार. दुकान नुसतं कागदावर फोडून बेटिंग शॉपचा चार मशिनांचा हक्क दुप्पट करण्याची वाट बंद ठेवणं, हा या प्रश्नांमागचा हेतू.

धोका-मूल्यांकन: इथे घाई नको

एप्रिल २०१६ पासून प्रत्येक परवानाधारकाला त्या त्या जागेचं स्थानिक धोका-मूल्यांकन करणं बंधनकारक आहे. नव्या अर्जासोबत ते काउन्सिलला द्या. संपूर्ण फाइलमधला हाच कागद काउन्सिलच्या परवाना समितीचे सदस्य नीट वाचतात, आणि दुसऱ्या गावासाठी लिहिलेलं मूल्यांकन नाव बदलून दिलेलं असलं तर त्यांना पहिल्या पानावरच कळतं. एखाद्या अस्तित्वात नसलेल्या रेल्वे स्टेशनचा उल्लेख राहून गेलेला असतो.

सुरुवात काउन्सिलच्या धोरणपत्राने करा. दर तीन वर्षांनी ते नव्याने जाहीर करावं लागतं आणि संकेतस्थळावर असतं. बऱ्याच काउन्सिल त्यासोबत ‘लोकल एरिया प्रोफाइल’ देतात: शाळा, वसतिगृहं, व्यसनमुक्ती केंद्रं, बेघरांचे निवारे, गुन्ह्यांचे पट्टे. तो नकाशा आणि पोलिसांच्या संकेतस्थळावरची त्या रस्त्याची आकडेवारी शेजारी ठेवा. मग प्रत्यक्ष रस्त्यावर जा. सकाळी दहाला, शाळा सुटताना सव्वातीन ते चार, शुक्रवारी रात्री पब बंद होताना, आणि चोवीस तास उघडं ठेवणार असाल तर पहाटे दोनलाही.

मग जे दिसलं ते लिहा. ‘परिसरात शाळा आहे, आम्ही वय तपासतो’ हे वाक्य निरुपयोगी. त्याऐवजी असं: ‘समोरच्या बसथांब्यावर ३.२० ते ३.५० या वेळात माध्यमिक शाळेची मुलं थांबतात, पाऊस असला की आमच्या दर्शनी भागाच्या छपराखाली येतात. या वेळेत एक कर्मचारी दारापासच्या काउंटरवर राहील. दर्शनी काचेतून मशिनं दिसणार नाहीत अशी पट्टी लावली जाईल. २५ पेक्षा लहान दिसणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागितलं जाईल आणि नाकारलेल्या प्रत्येकाची नोंद वहीत होईल.’ धोका, कुणाला, केव्हा, उपाय, जबाबदार कोण. एवढं प्रत्येक ओळीत आलं पाहिजे.

दुर्बल माणसांबद्दलचा भाग बहुतेक जण दोन ओळीत उरकतात, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. जवळ निवारा किंवा दारूमुक्ती केंद्र असेल तर तिथली माणसं तुमच्या दारावरून रोज जाणार. कोणी सलग तास न् तास एकाच मशिनवर बसला, वारंवार एटीएमकडे गेला, रडायला लागला किंवा मशिनवर हात आपटू लागला, तर कर्मचाऱ्याने नेमकं काय करायचं हे लिहा. कुठल्या शब्दांत बोलायचं, केव्हा खेळ थांबवायला सांगायचं, स्वतःवर बंदी घालून घेण्याची योजना कशी समजावायची. ही योजना फक्त तुमच्या दुकानापुरती नसते, आसपासच्या इतर केंद्रांशी जोडलेली असते. इथे माणसाचा पगार, भाडं, संसार पणाला लागलेला असतो, आणि समितीला तुम्हाला हे कळतं की नाही हे पाहायचं असतं.

रात्रीच्या वेळा हा दुसरा कळीचा मुद्दा. बेटिंग शॉपला रात्री १० ते सकाळी ७ बंद ठेवण्याची अट आपोआप लागते. ॲडल्ट गेमिंग सेंटरला अशी कुठलीही वेळ कायद्याने ठरवलेली नाही. समितीने अट घातली नाही तर चोवीस तास. हरकती सगळ्यात जास्त इथेच येतात. रात्री एकट्या कर्मचाऱ्यावर दुकान सोडणार असाल तर पोलिसांची हरकत येणार हे धरून चाला. मध्यरात्रीनंतर दोन कर्मचारी, दारावर चुंबकीय कुलूप, ३१ दिवस चित्रण साठवणारे कॅमेरे, धोक्याची घंटा: हे उपाय आधीच लिहून दिले तर पोलिसांशी बोलणं सोपं जातं. रात्री खरोखर धंदा होणार नसेल तर वेळ आपणहून कमी मागा.

अर्ज आणि तारखा

अर्जाचा नमुना ठरलेला आहे, काउन्सिलच्या संकेतस्थळावर मिळतो. कंपनीचं नाव ऑपरेटिंग लायसन्सवर जसं आहे तसंच लिहा. ‘लिमिटेड’ राहिलं तरी अर्ज परत येतो. २००७ च्या नियमांनी इंग्लंड आणि वेल्ससाठी नव्या अर्जाच्या शुल्काची कमाल मर्यादा ठरवली: गेमिंग सेंटर २,००० पौंड, बेटिंग शॉप ३,०००, बिंगो ३,५००. काउन्सिल आपला दर लागू असलेल्या कमाल मर्यादेच्या आत ठरवते. पैसे पाठवण्याआधी त्या वर्षीचा दरतक्ता उघडून बघा. अर्ज आणि शुल्क दोन्ही पोचल्याशिवाय अर्ज ‘केला’ असं धरत नाहीत.

त्या दिवसापासून तीन मुदती एकदम सुरू होतात. समजा अर्ज सोमवार, २ मार्च २०२६ ला पोचला.

पहिली मुदत दारावरच्या नोटिशीची. ती त्याच दिवशी लागली पाहिजे आणि सलग २८ दिवस, म्हणजे २९ मार्चपर्यंत, राहिली पाहिजे. बाहेर उभ्या माणसाला सहज वाचता यावी अशी. दुरुस्तीच्या कामासाठी काचेवर कागद चिकटवले आणि नोटीस त्याखाली गेली, हा नेहमीचा घोटाळा. रोज एक फोटो काढा, ज्यात तारीख आणि दुकानाचा पत्ता दिसेल. नोटीस फाटली तर तासाभरात दुसरी लावता यावी म्हणून जवळच्या कोणाकडे दोन प्रती देऊन ठेवा. एक दिवस जास्त राहिली तर बिघडत नाही, कमी राहिली तर बिघडतं.

दुसरी, वर्तमानपत्रातली जाहिरात. अर्जाच्या दुसऱ्या दिवसापासून कामाच्या दहा दिवसांत, म्हणजे ३ ते १६ मार्च या काळात, एकदा तरी यायला हवी. स्थानिक पत्रं बहुधा साप्ताहिक असतात आणि मजकूर काही दिवस आधी मागतात. त्यामुळे या मुदतीत प्रत्यक्षात दोनच अंक सापडतात. जागा आधी आरक्षित करा, मग अर्ज दाखल करा. छापलेलं पूर्ण पान जपून ठेवा, नुसतं कात्रण नको, पानावर तारीख असते. भागात पत्रच निघत नसेल तर स्थानिक माहितीपत्रकही चालतं.

तिसरी, अधिकाऱ्यांना कळवणं. सात दिवसांत, म्हणजे ८ मार्चपर्यंत: गॅम्बलिंग कमिशन, पोलिस, अग्निशमन दल, प्लॅनिंग विभाग, पर्यावरण-आरोग्य विभाग, बालसंरक्षणासाठी नेमलेली संस्था, कर खातं एचएमआरसी, आणि काउन्सिलचा परवाना विभाग स्वतः. दारूच्या परवान्याचा ऑनलाइन अर्ज केलेल्यांना सवय असते की हे काम काउन्सिल करते. जुगाराच्या अर्जात ते तुमचं. अर्जाच्याच दिवशी सगळ्यांना पाठवून टाका आणि पोचपावत्या एका फोल्डरमध्ये ठेवा. यादीतला एक पत्ता जुना निघाला आणि नोटीस परत आली, तर ती दिलीच नाही असं धरलं जाईल. या तिन्हींपैकी काही चुकलं तर काउन्सिल निर्णय थांबवते, आणि चुकलेली नोटीस नव्याने देऊन हरकतींची मुदत पुन्हा मोजावी लागते. तेवढे आठवडे रिकाम्या दुकानाचं भाडं चालू राहतं.

हरकती आणि सुनावणी

अठ्ठावीस दिवसांत या अधिकाऱ्यांना आणि पुरेसे जवळ राहणाऱ्या किंवा ज्यांच्या धंद्यावर परिणाम होऊ शकतो अशांना म्हणणं मांडता येतं. कोणीच काही म्हटलं नाही तर सहसा सुनावणी होत नाही. हरकत आली आणि ती मागे घेतली गेली नाही, तर सुनावणी होते. म्हणून पोलिस किंवा परवाना विभागाचा फोन आला की त्याच आठवड्यात भेटा. बऱ्याचदा दोन-तीन अटी मान्य केल्या की त्यांची हरकत मागे जाते. शेजाऱ्यांनाही एक संध्याकाळ ठरवून आत बोलवा आणि मांडणी दाखवा. सगळ्यांचं समाधान होणार नाही, पण आवाज, कचरा, दाराशी घोळका असे नेमके मुद्दे कळतात आणि त्यांवर उत्तर तयार होतं.

सुनावणी साधारण तीन नगरसेवकांच्या उपसमितीपुढे होते. बोलायचं ते तीन उद्दिष्टांवर: गुन्हेगारीला थारा नाही, खेळ सरळ आणि उघड, मुलं आणि दुर्बल माणसं सुरक्षित. समितीला मशिनांची संख्या किंवा वर्ग, पणाची किंवा बक्षिसाची रक्कम यांवर अट घालता येत नाही. कोणी तसं सुचवलं तर नम्रपणे लक्षात आणून द्या. वेळा, कर्मचारी, कॅमेरे यांवर मात्र अट घालता येते. निर्णय मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येतं. हेच अपील हरकत घेणाऱ्यालाही करता येतं, त्यामुळे त्या मुदतीत महागडी सजावट पुरी करण्याची घाई करू नये.

बांधकाम अपुरं असलं तरी परवान्याचा अर्ज करता येतो. समिती पुढची तारीख घालून परवाना देऊ शकते.

परवाना आल्यावर

परवान्याचा सारांश दर्शनी जागी लावायचा, मूळ परवाना दुकानात ठेवायचा. प्रत्येक दारावर अठरा वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश नाही अशी पाटी. आत दारू पिण्यास मनाई आणि तशी पाटी. एटीएम अशा ठिकाणी, की पैसे काढायला मशिन सोडून उठावं लागेल. नॅशनल लॉटरीची तिकिटं विकायची नाहीत. मशिनं कमिशनचा परवाना असलेल्या पुरवठादाराकडूनच घ्या, आणि ती सुरू करण्याआधी कर खात्याकडे मशिन गेम्स ड्यूटी या मशिनांवरच्या करासाठी नोंदणी करा.

परवान्याला कालमर्यादा नाही, पण वार्षिक शुल्क आहे. २००७ च्या नियमांनी त्याची कमाल मर्यादा गेमिंग सेंटरला १,००० पौंड आणि बेटिंग शॉपला ६०० ठरवली होती. पहिलं शुल्क परवाना मिळाल्यानंतर लगेचच भरावं लागतं, वर्षभराने नव्हे. ते थकलं तर काउन्सिल परवाना रद्द करते. कंपनी दिवाळखोरीत गेली तर परवाना आपोआप संपतो. तो पुन्हा जिवंत करून आपल्या नावावर घेण्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आतच करता येतो. बंद पडलेलं दुकान स्वस्तात मिळतंय म्हणून घेणाऱ्याने आधी ही तारीख मोजावी.